इन्स्टाग्रामवरून वॉफल मेकर मागवताय? आधी हे वाचा

जाहिरात बघून वॉफल मेकर मागवायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे १,२९९ रुपये गेले. त्याहून गंभीर म्हणजे शॉक देणारं यंत्र घरात आलं, आणि तेही असं की पोरं हौसेने त्याच्याभोवती जमतात.

जाहिरातीतला व्हिडिओ झकास होता. खोल चौकटी, धुण्यासाठी काढता येणाऱ्या प्लेटा, १००० वॅट, आयएसआय मार्क, वर्षाची वॉरंटी. ४,९९९ वर काट मारून १,२९९. वर कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे माल हातात आल्यावरच पैसे. खरी मेख तिथेच आहे. पैसे घेतल्याशिवाय डिलिव्हरीवाला खोकं उघडू देत नाही. त्या बिचाऱ्याला कंपनीचा नियम पाळावा लागतो, पण फसवणाऱ्यांचा सगळा धंदा त्या नियमावरच चालतो.

खोक्यातून निघालं ते पत्र्याच्या बॉडीचं हलकं यंत्र. प्लेटा रिव्हेटने पक्क्या बसवलेल्या, चौकटी उथळ, वायर बारीक आणि प्लग टू-पिन. तळाशी बनवणाऱ्याचं नाव, व्होल्टेज, वॅट यांची जी पट्टी असते ती नव्हतीच. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता नाही, एमआरपी नाही. आयएसआयचा स्टिकर मात्र होता. खऱ्या आयएसआय चिन्हावर वरच्या बाजूला आयएस क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी, ते दिसतं. आमच्या स्टिकरवर यातलं काहीच नव्हतं.

पहिलंच वॉफल मधोमध पांढुरकं आणि ओलं, कडेला करपलेलं. लाकडी उलथन्याने सोडवलं तर तळाला काळे बारीक पापुद्रे चिकटून आले. प्लेटेचं नॉनस्टिक कोटिंग पहिल्याच वापरात सुटलं होतं. झाकण उघडताना बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं म्हणून सोसायटीच्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी टेस्टर बॉडीला लावला आणि तो पेटला. "ताई, पत्र्याची बॉडी आणि अर्थिंगच नाही. हे परत लावू नका." पत्र्याच्या बॉडीला थ्री-पिन हवीच. टू-पिन चालते ती दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्राला, आणि त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती नसेल तर हात लावू नका.

वॅटचा खोटेपणा घरीच पकडता येतो, तेही काकांनीच दाखवलं. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, यंत्र थंड असतानाच सुरू करायचं आणि एक मिनिट मोजायचं. १००० वॅटला ५३ लुकलुक व्हायला हव्यात. अर्थिंगचं कळल्यावर ही मोजणी काकांनी स्वतः उभं राहून, कोणाला हात लावू न देता केली. भरल्या २२. म्हणजे जेमतेम ४१० वॅट! पीठ ओतलं की प्लेटा गार पडतात. इतक्या कमी वॅटला त्या लवकर परत तापत नाहीत, पीठ नुसतं वाफेत शिजतं आणि चिकटून बसतं. रेसिपी कितीही बदला, असल्या यंत्रात कुरकुरीत वॉफल होणार नाही.

जाहिरातीखाली दिलेला नंबर बंद होता. गूगलवर त्याच दुकानाच्या नावाने 'कस्टमर केअर' नंबर सापडला. पलीकडचा माणूस फारच नम्र. "मॅडम, रिफंड लगेच करतो, फक्त एक अ‍ॅप घ्या आणि यूपीआय पिन टाका." मी फोन ठेवला. पैसे मिळवायला पिन कधीही लागत नाही, आणि आपल्या फोनची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं असलं अ‍ॅप म्हणजे खात्याची चावीच. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा, कारण चिडलेला माणूस रिफंडच्या घाईत असतो आणि हे लोक त्याच घाईची वाट बघत असतात. अशा फोनवर पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

मालाची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने नाव-पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. जाहिरातीशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. पण पत्ताच नसेल तर नोटीस बजावायची कोणावर? म्हणून वेबसाइटवर पूर्ण पत्ता नसेल तर तिथेच थांबा, किंमत कितीही कमी असो.

शेवटी बाजारपेठेतल्या दुकानातून दुसरा घेतला. दुकानदाराने काउंटरवरच चालू करून दाखवला, तळाची पट्टी वाचू दिली, पक्कं बिल दिलं. किंमत जाहिरातीच्या दुपटीहून जास्त पडली, पण मला ती रास्त वाटते.

आमचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि तोच व्हिडिओ आता वेगळ्या दुकानाच्या नावाने फिरतोय. तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर लेबल फाडून टाकू नका. त्यावरचा पार्सल नंबर लागतो. कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम कुरिअर कंपनी विक्रेत्याला सहसा काही दिवसांनी देते, त्यामुळे त्याच दिवशी कुरिअरला लेखी ईमेल करून रक्कम थांबवायला सांगा आणि सोबत खोकं उघडतानाचा व्हिडिओ जोडा.