ड्युअलडिस्क की हायब्रिड एसएसीडी?

जुन्या बाजारात दोन्ही सारख्याच भावात समोर आल्या, तर हात आधी ड्युअलडिस्ककडे जातो. माझाही गेला होता. एका बाजूला सीडी, उलटी केली की डीव्हीडी. सराउंड आणि व्हिडिओ साध्या डीव्हीडी प्लेअरवर. २००४ साली ती अमेरिकेत आली, तेव्हा तिकडच्या मेहुण्याकडून मी दोन मागवल्या.

हायब्रिड एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) म्हणजे एकाच डिस्कवर दोन थर: एक साध्या सीडीचा, दुसरा वरच्या दर्जाच्या आवाजाचा. हा दुसरा थर ऐकायला मात्र एसएसीडी प्लेअरच हवा. संगणकाच्या ड्राइव्हलाही तो वाचता येत नाही. नाहीतर जास्तीचे पैसे मोजून आपण सीडीच ऐकतो. हे कबूल.

पण माझं अडलं ते गाडीत. नाशिकहून निघालो, विल्होळी मागे टाकली आणि ड्युअलडिस्क प्लेअरच्या फटीत सरकवली. गेली, जरा कुरकुरतच. दोन गाणी वाजली, तिसरं अडखळायला लागलं. बाहेर काढायचं बटण दाबलं की घर्रघर्र होऊन डिस्क नखभर डोकवायची आणि परत आत. इगतपुरीला चहाला थांबलो, तेव्हा बायकोने पर्समधला भुवयांचा चिमटा दिला. त्यानेही दाद दिली नाही. कसारा घाट मुकाट्याने उतरलो. परत आल्यावर द्वारकेजवळच्या ऑडिओवाल्याने डॅशबोर्ड खोलून ती काढली, आणि ओरखडे दोन्ही बाजूंना! लेबलची बाजूच नाही, तर दुसरं काय होणार?

सीडी १.२ मिमी जाड, ही १.५च्या आसपास. शिवाय सीडीच्या बाजूला लेझरपुढे प्लास्टिक ०.९ मिमीच. मापात बसत नाही म्हणून तिला सीडीचं अधिकृत चिन्हही मिळालं नाही.

हायब्रिड एसएसीडी सगळी मिळून १.२ मिमीच. दोन्ही थर एकाच बाजूने वाचले जातात. सीडीचा लेझर मधल्या अर्धपारदर्शक थरातून आरपार जातो. त्याच गाडीत ती वर्षानुवर्षं बिनतक्रार आत-बाहेर करतेय.

आवाजाचं म्हणाल, तर गंगापूर रोडला मित्राकडे दोन्ही थर आलटून-पालटून ऐकले. झांजेचा नाद वरच्या दर्जाच्या थरात जरा लांबवर विरतो, असं मला वाटलं. मित्राच्या मते तो त्याच्या चहाचा परिणाम. दोन थरांचं मिक्सिंगही कधीकधी वेगळं असतं, त्यामुळे पैज लावणार नाही.

फक्त घरी, ट्रेच्या प्लेअरवर ऐकणार असाल तर ड्युअलडिस्क घ्याही. बाजू कोणती ते मधल्या रिंगवर बारीक अक्षरांत असतं. चष्मा जवळ ठेवा.