साठ चिठ्ठ्या आणि पाच जागा : रत्नागिरीतील निवडणूक पद्धती अभ्यासवर्ग

मासेमारीबंदीच्या दिवसांत रत्नागिरीत भरलेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाला मी आमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव या नात्याने गेलो होतो. जेवणासह 800 रुपये शुल्क मला मुळीच जड वाटले नाही, कारण सभागृहात सर्व गटांना आपापल्या बळानुसार स्थान कसे मिळेल, हा प्रश्न तिथे व्याख्यानांतून नव्हे, तर प्रत्यक्ष मोजणीतून समजला.

पहिल्या सकाळी आम्हा साठ जणांची पाच जागांसाठी नमुना निवडणूक झाली आणि प्रत्येकाला पाच मते देण्यात आली. एका खाडीकाठचे 32 जण एकदिलाने राहिले आणि पाचही जागा घेऊन गेले. 17 आणि 11 जणांच्या उरलेल्या दोन गटांच्या पदरी काहीच पडले नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागातही मतदार जितक्या जागा तितकी मते देतो, त्यामुळे हा निकाल कोणालाच परका वाटला नाही.

दुपारी त्याच साठ जणांनी एकल संक्रमणीय पद्धतीने, म्हणजे उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहून मतदान केले. जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या सहाने साठ मतांना भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा, म्हणून कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, 11 ठरला. प्रत्येक उमेदवाराच्या नावाने बांबूची एक टोपली मांडली होती. 11 जणांच्या गटाचे दोन उमेदवार होते; 4 मतांचा उमेदवार बाद होताच त्याच्या चारही चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे 7 मतांच्या टोपलीत गेल्या आणि कोटा नेमका भरला. माझ्याशेजारच्या मासळी विकणाऱ्या मावशी आपली चिठ्ठी कुठे गेली हे पाहायला उठून टेबलापाशी गेल्या आणि ती ओळखूनच परतल्या. अखेर जागा 3, 1, 1 अशा वाटल्या गेल्या.

एक चूक मात्र गंभीर आहे. मोठ्या गटातील एका उमेदवाराला 20 मते मिळाली, तेव्हा कोट्यावरच्या 9 चिठ्ठ्या टोपलीतून वरच्यावर उचलून त्यांवरच्या पुढच्या पसंतीच्या उमेदवारांना देण्यात आल्या. कोणत्या नऊ चिठ्ठ्या हाती येतात यावर पुढचा उमेदवार ठरत असेल, तर तो नशिबाचा भाग झाला. राज्यसभेच्या मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत 100 धरतात. त्या हिशेबाने इथे साठ चिठ्ठ्यांची किंमत 6000, कोटा 1001, वीस मतांच्या 2000 मधून शिल्लक 999, आणि ती विसांत वाटून व अपूर्णांक सोडून, पुढची पसंती असलेल्या विसाही चिठ्ठ्या प्रत्येकी 49 किमतीने पुढे गेल्या असत्या. हे शिकवायला फार तर अर्धा तास लागला असता.

दुसरा दिवस त्या मानाने फिका गेला. 2014 च्या लोकसभेत सुमारे 31 टक्के मतांवर भाजपला 282 जागा आणि चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही बसपाला शून्य, हे उदाहरण नेमके होते. पुढे जर्मनीची पाच टक्क्यांची अट (त्याहून कमी मतांच्या पक्षाला साधारणपणे जागा नाहीत) आणि न्यूझीलंडने 1996 पासून स्वीकारलेली मिश्र पद्धत (काही जागा मतदारसंघांतून, काही पक्षाच्या मतांनुसार) यांवर सारा वेळ गेला, तर महिला आरक्षणाची या पद्धतींशी सांगड कशी घालायची, हा विषय दहा मिनिटांत आटोपला. कोकण पदवीधर मतदारसंघाचा तर उल्लेखही झाला नाही, याचे मला वाईट वाटले. आमच्यापैकी कित्येकांनी तिथे जांभळ्या पेनाने पसंतीक्रम लिहिलेला आहे. पण निवडायचा आमदार एकच असल्याने तिथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व साधत नाही. नुसता पसंतीक्रम पुरत नाही, एका मतदारसंघात जागाही अनेक लागतात, हे पटवून द्यायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी आणि सहकारी संस्थांच्या संचालकांनी हा वर्ग जरूर करावा, आणि पहिला दिवस तर चुकवूच नये. परदेशी पद्धतींचा एक तास कमी करून शंभर किमतीची मोजणी टोपल्यांसह करून दाखवावी, अशी लेखी विनंती मी आयोजकांकडे दिली आहे.