वर्डप्रेस की ड्रुपल : संकेतस्थळ अद्ययावत ठेवण्याच्या खर्चाचा हिशेब

संस्थेसाठी नवे संकेतस्थळ करायचे ठरले की बैठकीत चर्चा होते ती मुखपृष्ठाच्या मांडणीची आणि पहिल्या बिलाची. प्रत्यक्षात असे संकेतस्थळ सात-आठ वर्षे वापरले जाते आणि तेवढ्या काळात त्याच्या खालची प्रणाली कितीतरी वेळा बदलते. हे बदल कोण पाहणार, कधी पाहणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र पहिला बिघाड होईपर्यंत कोणी काढत नाही. वर्डप्रेस आणि ड्रुपल या संकेतस्थळाचा आशय सांभाळणाऱ्या दोन्ही प्रणालींवरची संकेतस्थळे मी बरीच वर्षे सांभाळतो आहे, म्हणून येथे तुलना केली आहे ती याच एका अंगाने. जूमला हा अशाच प्रणालींपैकी तिसरा पर्याय मी बाजूला ठेवला आहे. त्याचे वेळापत्रक अलीकडे शिस्तीचे झाले आहे, परंतु तो नीट सांभाळणारी माणसे मला आमच्या भागात क्वचितच भेटली आहेत.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली आणि जुने चालू आहे ते मोडू नये, हा आग्रह या प्रकल्पाने तेव्हापासून जवळजवळ हट्टाने सांभाळला आहे. त्यामुळे ४.९ नंतर ५.० आली तरी त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. डिसेंबर २०१८ मधील ५.० ने गुटेनबर्ग हा नवा संपादक आणला आणि लिहिणाऱ्यांची सवय मोडली हे खरे, पण ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगिन (प्रणालीला जोडायचा जादा सोयीचा कोड) घालून जुन्या पद्धतीने काम करण्याची वाटही लगेच उपलब्ध होती. ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ पासून लहान आणि सुरक्षाविषयक अपडेट आपोआप होतात, ५.६ पासून नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये मोठ्या आवृत्त्याही तशाच येतात. अधिकृत आधार केवळ ताज्या आवृत्तीला असला, तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचवल्या जातात, ३.७ ते ४.० या आवृत्त्यांसाठी त्या बंद झाल्या त्या थेट डिसेंबर २०२२ मध्ये.

कोअर (म्हणजे मूळ प्रणाली) इतके सोशिक असल्याने वर्डप्रेसमधली खरी दगदग प्लगिनची असते. पंचवीस प्लगिन असलेल्या संकेतस्थळाच्या डॅशबोर्डवर अपडेटचा लाल आकडा कधी शून्यावर येतच नाही आणि प्रत्येक प्लगिनकर्त्याचे वेळापत्रक, शिस्त व आर्थिक गणित निराळे असते. मी सांभाळत असलेल्या एका वाचनालयाच्या संकेतस्थळावर छायाचित्रदालनाचे प्लगिन रात्री आपोआप अद्ययावत झाले, नव्या आवृत्तीत जुना शॉर्टकोड (पानात छायाचित्रे आणणारा चौकोनी कंसातला संकेत) काढून टाकलेला होता, आणि सकाळी ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा कार्यक्रमांच्या पानांवर छायाचित्रांच्या जागी चौकोनी कंसातली अक्षरे दिसत होती. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती, परंतु तो अर्धा तास नेमका कोणत्या दिवशी लागेल हे आधी सांगता येत नाही. आपोआप अपडेट झालेल्या प्लगिनमुळे संकेतस्थळच बंद पडत असेल तर ते मागे घेण्याची सोय जुलै २०२४ मधील ६.६ मध्ये आली. मात्र वरच्यासारखा, म्हणजे पान उघडते पण आतले चुकीचे दिसते असा बिघाड तिला कळत नाही. म्हणूनच प्लगिन निवडताना ते शेवटचे कधी अद्ययावत झाले आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलेले आहे, या दोन नोंदी मी तारांकित गुणांपेक्षा अधिक महत्त्वाच्या मानतो.

ड्रुपलबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे तिचे मूळ ७ आणि ८ या आवृत्त्यांमध्ये आहे. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आले. नोव्हेंबर २०१५ मधील ड्रुपल ८ सिम्फनी या तयार कोडच्या चौकटीवर जवळजवळ नव्याने उभारलेले असल्यामुळे ७ वरून ८ वर जाणे म्हणजे अपडेट नव्हते, तर नवे घर बांधून सामान हलवणे होते. स्वतः लिहिलेली मॉड्यूल (ड्रुपलमधील प्लगिन) आणि थीम (दर्शनी रूप ठरवणारा कोड) पुन्हा लिहाव्या लागत. असंख्य संस्था त्यामुळे ७ वरच थांबल्या, आणि त्यांच्यासाठी ७ ची अखेर नोव्हेंबर २०२१ वरून सरकत सरकत ५ जानेवारी २०२५ वर गेली. यातला विरोधाभास असा की ड्रुपल ८ चा आधार मात्र सिम्फनी ३ च्या मुदतीबरोबर नोव्हेंबर २०२१ मध्येच संपला. ज्यांनी तत्परतेने खर्च करून ८ गाठले त्यांना ७ वर स्वस्थ बसलेल्यांच्या आधी पुन्हा हलावे लागले! एका महाविद्यालयाच्या समितीला हे समजावून सांगताना माझी चांगलीच तारांबळ उडाली होती.

निर्णय घेणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की ती परिस्थिती आता राहिलेली नाही. ८ वरून ९, ९ वरून १० आणि १० वरून ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ११ वर जाताना रचना तीच राहते, मुख्यतः आधीच कालबाह्य म्हणून जाहीर केलेला कोड काढून टाकलेला असतो, आणि आपल्या संकेतस्थळावर त्यातले काय शिल्लक आहे हे ‘अपग्रेड स्टेटस’ हे मॉड्यूल यादी करून दाखवते. ड्रुपल १० चा आधार डिसेंबर २०२६ मध्ये संपतो हे पुष्कळ आधी जाहीर झालेले असल्याने त्या कामाची तरतूद अंदाजपत्रकात वेळेवर करता येते. वर्डप्रेसची देखभाल रोजच्या भाजीसारखी, तर ड्रुपलची वर्षाच्या बेगमीसारखी आहे; बेगमीला एकदम पैसे लागतात, पण ते केव्हा लागणार हे माहीत असते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र ड्रुपलचे वेळापत्रक झोपमोड करणारे आहे. कोअरच्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी महिन्याचा तिसरा बुधवार राखलेला असतो, आणि त्यांची नेहमीची वेळ भारतात रात्री साडेनऊनंतर सुरू होते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरच्याला डेटाबेसला हुकूम देता येण्याची) चूक जाहीर झाली, तेव्हा सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी असे सांगितले की घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले आहे असेच समजावे. हे सात तास आपल्याकडे रात्रीचे होते. मार्च २०१८ मधील तशाच गंभीर चुकीची सूचना एक आठवडा आधी देण्यात आली आणि ठरलेली वेळ होती २८ तारखेच्या रात्री साडेअकरा ते एक. त्या रात्री मी बॅकअप घेऊन, टर्मिनल उघडून, पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसलो होतो. दुरुस्ती आल्यावर आधी स्टेजिंगवर (चाचणीच्या प्रतीवर) आणि मग प्रत्यक्ष संकेतस्थळावर ती चढवणे, डेटाबेस अद्ययावत करणे आणि कॅश (तात्पुरता साठा) रिकामी करणे, हे सगळे वीस मिनिटांत उरकले. पण ती वीस मिनिटे देऊ शकणारा माणूस जागा असावा लागतो. वर्डप्रेसमध्ये अशी दुरुस्ती बहुतेक वेळा आपण झोपेत असताना आलेली असते. आजच्या ड्रुपलची रूढ रीत कमांड लाइनवरून चालणाऱ्या कंपोजर या साधनाची आहे, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर जेथे कमांड लाइनच मिळत नाही तेथे ती रीत पहिल्याच पायरीवर अडते.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत संकेतस्थळ हवे असेल तर पारडे बरेच ड्रुपलकडे झुकते. भाषा, इंटरफेसचे भाषांतर, आशयाचे भाषांतर आणि सेटिंगमधील मजकुराचे भाषांतर ही चारही मॉड्यूल आवृत्ती ८ पासून कोअरमध्येच आहेत, म्हणजे ती कोअरबरोबर तपासली जातात आणि कोअरबरोबरच पुढे जातात. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड मराठीत मिळतो, परंतु दुभाषिक आशयासाठी पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांसारख्या प्लगिनवर विसंबावे लागते, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर हे प्लगिन, थीम आणि फॉर्मचे प्लगिन यांचे एकमेकांशी जमते की नाही हे आपणच पाहायचे असते.

वर्डप्रेसच्या आपोआप येणाऱ्या अपडेटची आणखी एक बाजू सप्टेंबर २०२४ मध्ये उघडी पडली. सहसंस्थापक मॅट मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातील वादात त्या कंपनीचा प्लगिन आणि अपडेट जेथून येतात त्या वर्डप्रेसच्या अधिकृत भांडाराशी असलेला संबंध तोडला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या लोकप्रिय प्लगिनची भांडारातील जागा ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या दुसऱ्या रूपाने घेतली. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने डब्ल्यूपी इंजिनच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. चूक कोणाची हा येथील विषय नाही. पण भांडारातून अपडेट घेणाऱ्या अनेकांच्या संकेतस्थळावरील प्लगिनचे नाव आणि मालक मध्येच बदलले, एवढे नोंदवणे भाग आहे.

जेथे तांत्रिक माणूस नाही, बातम्या आणि कार्यक्रम एवढाच आशय आहे आणि देखभालीसाठी वर्षाला ठरावीक छोटी रक्कमच निघू शकते, तेथे मी वर्डप्रेस सुचवतो, मात्र प्लगिन दहाच्या आत ठेवण्याच्या अटीवर. आशयाचे प्रकार अनेक असतील, विभागवार परवानग्या लागत असतील, दोन भाषा असतील आणि वार्षिक देखभालीचा करार खरोखरच होणार असेल, तर ड्रुपल घ्यावे. तो करार होणार नसेल तर ड्रुपल कितीही आवडले तरी घेऊ नये, कारण न सांभाळलेले ड्रुपल न सांभाळलेल्या वर्डप्रेसपेक्षा लवकर धोक्यात येते. पुरवठादाराशी बोलताना त्याला एवढेच सांगावे की त्याने दोन वर्षांपूर्वी करून दिलेल्या एखाद्या संकेतस्थळाचे, त्या ग्राहकाच्या संमतीने, ‘स्टेटस रिपोर्ट’ (ड्रुपल) किंवा ‘साइट हेल्थ’ (वर्डप्रेस) हे पान आपल्यासमोर उघडून दाखवावे. त्यावरचे आवृत्तीचे आकडे कोणत्याही निविदेपेक्षा अधिक बोलतात.