टीपी-लिंक आर्चर सी6 : दुकानासाठी घ्यावा का, आणि घेतला तर कसा बसवावा

नाशिकच्या मेन रोडवरचं कापड दुकान घ्या, कॉलेज रोडवरचा दवाखाना घ्या, नाहीतर अंबड एमआयडीसीतलं दहा माणसांचं वर्कशॉप. इंटरनेट कंपनीने फायबर ओढताना जो डबा लावून दिला, त्याच्यावरच सगळा कारभार चालतो. बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), कामगारांचे मोबाइल आणि ‘वायफायचा पासवर्ड काय हो?’ असं विचारणारं गिऱ्हाईक, सगळे एकाच नेटवर्कवर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून तुमच्या टॅलीच्या शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत वाट मोकळी. आर्चर सी6 हा राउटर साधारण अडीच हजारांत ही वाट बंद करतो, आणि तो घेण्याचं आमच्या मते हेच मुख्य कारण आहे. फक्त रेंज वाढेल या आशेने घेणार असाल तर आधी भिंतींबद्दलचा भाग वाचा.

आत काय आहे ते थोडक्यात. वायफाय 5 चा हा एसी1200 वर्गातला राउटर आहे: 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडवर (वायफायच्या लहरींचा पट्टा) 300 आणि 5 गिगाहर्ट्झवर 867 एमबीपीएस. हे आकडे कागदावरचे आहेत, प्रत्यक्षात मोबाइलला निम्मा वेग मिळाला तरी ठीक समजावं. त्यापेक्षा मोलाची गोष्ट मागच्या बाजूला आहे: एक वॅन (बाहेरून इंटरनेटची केबल येते ते) आणि चार लॅन (दुकानातल्या उपकरणांसाठी), पाचही पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे 1000 एमबीपीएसपर्यंतचे. या किमतीच्या आसपासचे बरेच राउटर आजही 100 एमबीपीएसचे पोर्ट देतात. दोन-तीन कॉम्प्युटरवर टॅलीचा एकच डेटा उघडत असेल किंवा बॅकअप एका मशीनवरून दुसरीकडे जात असेल, तर हा फरक रोज जाणवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. राउटर पहिल्यांदा सुरू करताना तो ‘राउटर’ मोडमध्ये ठेवायचा की ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये? बसवायला आलेला मुलगा बहुतेक वेळा ॲक्सेस पॉइंट करून जातो, कारण त्यात काहीच अडत नाही. पण त्या मोडमध्ये आर्चर फक्त वायफाय पसरवतो, प्रत्येक उपकरणाला नेटवर्कमधला पत्ता वाटण्याचं काम कंपनीच्या डब्याकडेच राहतं, आणि गेस्ट नेटवर्कचं (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायचं) नाव वेगळं दिसलं तरी गिऱ्हाईक खरोखर वेगळं पडेल याची खात्री देता येत नाही. दुकानासाठी राउटर मोडच ठेवा. ब्राउझरमध्ये 192.168.0.1 उघडा आणि गेस्ट नेटवर्क चालू करा. पाहुण्यांना एकमेकांना पाहू देणं आणि स्थानिक नेटवर्कमध्ये शिरू देणं, अशा दोन चौकोनांमधल्या खुणा काढलेल्या असाव्यात.

एक गोष्ट इथे हटकून राहून जाते. कंपनीच्या डब्यातून आर्चरच्या वॅन पोर्टला एकच केबल यावी, आणि त्या डब्यावर दुसरं काहीही लावलेलं नसावं. डीव्हीआर किंवा प्रिंटर जुन्या डब्यावरच राहिला, तर गेस्टवरचा माणूस इंटरनेटकडे जाताना त्याच नेटवर्कमधून जातो, आणि त्याला ती उपकरणं गाठता येऊ शकतात. शिवाय आर्चरवरच्या कॉम्प्युटरला तो प्रिंटर आपोआप सापडत नाही, ते वेगळंच. म्हणून सगळी उपकरणं आर्चरवर हलवा आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करून टाका.

राउटरमागे राउटर आल्यामुळे जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, यूपीआय, व्हॉट्सॲप यांना काही फरक पडत नाही. डीव्हीआरचा कॅमेरा क्यूआर कोड स्कॅन करून ॲपवर पाहत असाल तर तोही चालतो. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आतल्या उपकरणापर्यंत उघडलेली वाट) केलेलं असेल तरच अडतं, कारण ते आता दोन्ही ठिकाणी करावं लागतं.

स्थानिक केबलवाल्याचं इंटरनेट असेल आणि लाइन थेट राउटरमध्ये येत असेल, तर कनेक्शनचा प्रकार बहुधा पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारा असतो. त्याचं युजरनेम आणि पासवर्ड आधी मागून ठेवा. इथे ‘डायनॅमिक आयपी’ निवडला की वॅनचा दिवा नारिंगी राहतो आणि नवा राउटर खराब निघाला असं वाटतं. काही ठिकाणी लाइन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) बांधलेली असते. तेव्हा मॅक क्लोन करा, म्हणजे जुना क्रमांक नव्या राउटरला द्या, किंवा केबलवाल्याला फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्या. हा दिवा एकदा नीट समजून घ्या: हिरवा म्हणजे इंटरनेट आहे, नारिंगी म्हणजे केबल जोडलेली आहे पण पुढून इंटरनेट येत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदकाम चाललेलं असताना बिघाड बाहेरच्या वायरीत आहे की आपल्याकडे, हे त्यावरून लगेच कळतं, आणि राउटर उगाच रिसेट करून सगळी सेटिंग घालवायची वेळ येत नाही.

बिलिंगचा कॉम्प्युटर मात्र वायफायवर ठेवू नका. डेटा दुसऱ्या मशीनवर असताना मध्येच वायफाय तुटलं तर टॅलीत एंट्री अडकते, कधी कंपनीचा डेटाच दुरुस्त करत बसावं लागतं. कॅट 6 केबल टाका, तीही शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) आठही तारा लावून घ्या. क्लिप खाली आणि टोक पलीकडे धरलं तर डावीकडून क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. चारच तारा लावल्या तरी नेट चालतं, पण वेग 100 एमबीपीएसवर येऊन थांबतो. गिगाबिटचे पैसे मोजूनही वेग मिळत नाही, तेव्हा चूक बहुतेक इथेच सापडते.

भिंतींचं म्हणाल तर 5 गिगाहर्ट्झ समोरासमोर उत्तम चालतं. पंचवटी, भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी-विटांच्या भिंतीपुढे मात्र एका खोलीनंतर ते मान टाकतं. चार अँटेना आहेत म्हणून भिंत पातळ होत नाही. सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस आणि शॉपफ्लोअर यांच्यामध्ये पत्रा आला तर तीच गत. तिथे रेंज एक्स्टेंडर लावून वेग अर्धा करण्यापेक्षा पलीकडे केबल नेऊन दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. हाच आर्चर त्या कामाला चांगला, कारण पत्ते वाटण्याचं काम पहिला राउटर करतच असतो. फक्त या दुसऱ्या राउटरचं वायफाय गिऱ्हाइकांना देऊ नका, कारण ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ते वेगळे पडतील याची खात्री नाही. एम.जी. रोडसारख्या दाटीच्या ठिकाणी शेजारच्या दुकानांचं वायफाय एकमेकांवर चढतं. 2.4 गिगाहर्ट्झची रुंदी 20 मेगाहर्ट्झवर आणा आणि चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी जो मोकळा दिसेल तो स्वतः ठरवून द्या.

वायफाय प्रिंटर बसवताना स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारी सोय) बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. स्वस्त प्रिंटरपैकी बरेच फक्त 2.4 वर चालतात. प्रिंटरचा नेटवर्कमधला पत्ता राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ सेटिंगमध्ये पक्का करा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि कॉम्प्युटर ‘ऑफलाइन’ दाखवत बसतो.

विजेसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी हिशोब करा. फायबरचा डबा आणि राउटर मिळून समजा 15 वॉट खातात. 3.7 व्होल्टच्या 8000 एमएएच बॅटरीत जवळपास 30 वॉट-तास असतात. व्होल्टेज वाढवताना होणारी घट धरली तर दीड तास मिळाला तरी पुष्कळ. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही उपकरणांच्या खालच्या स्टिकरशी जुळवून पाहा. फक्त राउटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा भिंतीतल्या प्लगवर, अशी जोडणी काही कामाची नाही.

कोणी घेऊ नये तेही सांगायला हवं. याला सिमचा स्लॉट नाही, यूएसबीही नाही, त्यामुळे फायबर तुटल्यावर डोंगल लावता येत नाही. पिंपळगाव, लासलगावकडे आडत किंवा पॅकहाउस असेल आणि लिलावाच्या वेळी नेट गेलेलं परवडत नसेल, तर सिम घेणारा आर्चर एमआर600 सारखा राउटर पाहा. तीस-चाळीस मोबाइल एकाच वेळी जोडलेले राहत असतील, उदाहरणार्थ क्लासेस किंवा कॅफे, तर वायफाय 6 चा आर्चर एएक्स23 घेणं योग्य. गर्दीत तो जास्त टिकतो.

खरेदी करताना राउटरच्या स्टिकरवरचा व्हर्जन क्रमांक पाहून घ्या. सी6 वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये आला आहे, आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट त्याच व्हर्जनचं टाकायचं असतं, दुसरं टाकलं तर राउटर बंद पडू शकतो. बिलावर सीरियल नंबर आणि तुमचा जीएसटी नंबर लिहून घ्या: 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं आणि तीन वर्षांची वॉरंटी मागताना तोच कागद लागतो.