रक्सौल-बीरगंज चेकपोस्ट: कांद्याच्या गाडीबरोबर जाऊन आलो
नाशिककडून नेपाळला कांदा पाठवणाऱ्यांसाठी लिहितोय. मागच्या सिझनला मी स्वतः गाडीबरोबर रक्सौलला (बिहारमधलं नेपाळ सीमेवरचं गाव) गेलो, कारण फोनवर दहा जण दहा गोष्टी सांगत होते. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

पूर्वी ट्रक रक्सौल गावातूनच जायचे, रेल्वे फाटक, टांगे, बाजार, मग मैत्री पूल आणि पलीकडे नेपाळातलं बीरगंज. आमचा ड्रायव्हर खूप वर्षं ही लाइन करतोय, तो म्हणाला, "शेठ, फाटकापाशी अडकलो की स्टेअरिंगवरच रात्र काढायची." आता गावाबाहेर चेकपोस्टचं मोठं आवार आहे, पार्किंग, वजनकाटा, गोदाम, कस्टम, क्वारंटाइन (मालातली कीड-रोग तपासणी) सगळं एकाच कंपाउंडमध्ये. आपल्या बाजूचं २०१६ ला सुरू झालं, बीरगंजचं २०१८ ला, आणि तिकडचंही भारत सरकारच्या अनुदानातून बांधलेलं आहे. आपल्या टॅक्सचे पैसे दुसऱ्या देशात कशाला, असं मलाही वाटायचं, पण तिथे उभं राहिल्यावर कळतं, आपलं गेट कितीही मोठं केलं आणि पलीकडे गाडी घ्यायला जागाच नसली तर रांग आपल्याच बाजूला लागणार आणि त्या रांगेत सडणार तो कांदाही आपलाच.

आमची एक रात्र वाया गेली, पण ती चेकपोस्टमुळे नाही, आमच्या एजंटने बिलावर गाडी नंबरचा एक आकडा चुकवला होता. सकाळी ड्रायव्हरने ताडपत्रीची दोरी सैल केली, मधल्या थरातल्या गोणीत मनगटापर्यंत हात घातला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पण हात घातला, आत भट्टीसारखं गरम आणि बोटांना ओल लागली. पाच महिने शेतात राबलेल्या माणसाचा माल एका आकड्यापायी असा घाम सोडतो, फार जिवाला लागलं.

एक स्टार कापला तो कागदांसाठी. इकडे सगळं दाखवायचं, तिकडे भन्सारात (कस्टमला ते भन्सार म्हणतात) परत तेच सगळं दाखवायचं. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच टेबलावर बसून माल एकदाच तपासतील तर किती वेळ वाचेल, पैसा आता त्यावर लावावा. आणि धोरणाची धास्ती असतेच, २०२३ मध्ये नेपाळने कांद्यावर १३ टक्के व्हॅट लावला, त्याच डिसेंबरात आपल्याकडे निर्यातबंदी आली, तेव्हा एवढं मोठं आवार असून शेतकऱ्याला काय उपयोग.

जाणाऱ्यांनी बिल, फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) आणि गाडीची नंबरप्लेट लोडिंगच्या वेळीच स्वतः जुळवून बघा, एजंटवर सोडू नका. वाटेत कांद्याची घट होते ती धरून वजन बोला. हिशेबाला आपले १०० म्हणजे नेपाळी १६०. आणि गोण्या जाळीच्याच घ्या, खालून हवा खेळायला फळ्या टाका, मी पुढच्या गाडीला तेच केलं.