600 मेगाहर्ट्झचा 5 मिलिमीटर सोलेनॉइड प्रोब: कॉइल उत्कृष्ट, नमुनाधारक मात्र कच्चा

14.1 टेस्लाच्या, 89 मिलिमीटर विवराच्या उभ्या चुंबकासाठी बनवलेला हा प्रोब, म्हणजे चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनात (एमआरआय) नमुन्याभोवतीच्या कॉइलने त्याचा रेडिओ सिग्नल पकडणारे उपकरण, एका लहान उत्पादकाकडून घेतला. ऊतींचे तुकडे, माशांची अंडी आणि बिया यांच्या सूक्ष्म प्रतिमा घेण्यासाठी तो बराच काळ वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

सिग्नलचा तुटवडा हे या क्षेत्राचे मूळ दुखणे आहे. व्होक्सेलची, म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान घनाची, बाजू 100 मायक्रोमीटरवरून 50 मायक्रोमीटरवर आणली की त्याचे आकारमान, आणि त्यासोबत सिग्नलही, एक अष्टमांश होतो. पूर्वीइतकेच सिग्नल-नॉइज गुणोत्तर टिकवायचे तर सरासरीसाठी 64 पट वेळ द्यावा लागतो. त्यामुळे कॉइलची संवेदनक्षमता नुसती दुप्पट झाली, तरी मोजणीचा वेळ चतुर्थांशावर येतो. हॉल्ट आणि रिचर्ड्स यांनी 1976 मध्ये केलेल्या मांडणीनुसार, कॉइलमधून एकक प्रवाह सोडला असता नमुन्याच्या जागी जेवढे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्याच प्रमाणात ती कॉइल तेथील सिग्नल पकडते. या कसोटीवर सोलेनॉइड (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली कॉइल) हा त्याच मापाच्या सॅडल कॉइलपेक्षा (नमुन्याच्या दोन बाजूंना खोगिरासारखी बसणारी कॉइल) दोन ते तीन पट सरस ठरतो. मात्र त्याचा अक्ष मुख्य क्षेत्राला काटकोनात असावा लागतो, म्हणजे उभ्या चुंबकात नमुना आडवा बसवावा लागतो. मुळासकट वाढणाऱ्या रोपाचे खोड अशा कॉइलमधून सरळ ओवता येत नाही. ज्यांचे काम तसे आहे त्यांनी बर्डकेजच (उभा नमुना घेणारी पिंजऱ्यासारखी कॉइल) घ्यावा.

या प्रोबचे खरे वैशिष्ट्य कॉइलच्या विभागणीत आहे. सुमारे 6 मिलिमीटर व्यासाचे 4 वेढे म्हणजे जवळपास 75 मिलिमीटर तार होते, आणि 600 मेगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी 500 मिलिमीटर असते. तार तरंगलांबीच्या सातव्या भागाएवढी लांब झाली की तिच्यातील प्रवाह सर्वत्र सारखा राहत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, कॉइलच्या दोन टोकांमधील मोठ्या विद्युतदाबामुळे नमुन्यात विद्युतक्षेत्र शिरते, आणि खारट नमुना त्यात ऊर्जा शोषून तापतो व नॉइज वाढवतो. उत्पादकाने तारेच्या मध्यावर एक कपॅसिटर घालून हा दाब विभागला आहे आणि मॅचिंगही (कॉइल आणि केबल यांचा विद्युत मेळ) दोन्ही बाजूंनी संतुलित ठेवले आहे. याचा परिणाम लगेच दिसतो. शुद्ध पाण्याच्या जागी शरीरद्रवाइतके खारट पाणी ठेवले असता आमच्या जुन्या, अखंड तारेच्या कॉइलची अनुनाद वारंवारता लक्षणीय सरकत असे आणि प्रत्येक नमुन्यागणिक ट्यूनिंग नव्याने करावे लागे. येथे किरकोळ फेरजुळणी पुरते. जैविक नमुन्यांवर काम करणाऱ्यांसाठी एवढ्या एका गुणावर हा प्रोब घेण्याजोगा आहे.

घडणही काळजीपूर्वक केलेली आहे. या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे 2.7 मायक्रोमीटर जाडीच्या थरात एकवटतो, त्यामुळे खडबडीत डाख किंवा काळवंडलेली तार थेट नुकसान करते; येथे दोन्ही दोष आढळले नाहीत. ट्रिमर (जुळणीसाठी फिरवता येणाऱ्या) कपॅसिटरांवर निकेलचा मुलामा नाही, हेही महत्त्वाचे, कारण निकेल लोहचुंबकीय असल्याने जवळचे क्षेत्र विस्कटते.

नमुनाधारकाबाबत मात्र असे म्हणता येत नाही. तार नमुन्याला चिकटून असल्यामुळे तांबे, हवा आणि ऊती यांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेतील (पदार्थ क्षेत्रात किती चुंबकित होतो याच्या मापातील) फरक प्रतिमेवर उमटतो. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे कॉइल किंवा नमुना परफ्लुओरोकार्बन द्रवात बुडवणे. त्यात हायड्रोजन नसल्याने त्याचा स्वतःचा सिग्नल येत नाही, आणि त्याची ग्रहणशीलता ऊती व तांबे या दोहोंच्या जवळपास असते. सोबत दिलेल्या नळीचे टोपण हा द्रव नीट धरून ठेवत नाही. आडव्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, वर जाऊन नमुन्याला टेकतो, आणि ग्रेडिएंट-एकोच्या (क्षेत्रातील विषमता जशीच्या तशी दाखवणाऱ्या मोजणी पद्धतीच्या) प्रतिमेत त्याच्याभोवती बुडबुड्याहून कितीतरी मोठा काळा डाग पडतो. ती विषमता बरीचशी भरून काढणाऱ्या स्पिन-एको पद्धतीत तो बराच आकसतो, पण जाड बियांच्या आतील पोकळ्या तपासताना खरी पोकळी कोणती आणि बुडबुड्याची खूण कोणती, हा संशय उरतोच. आम्ही दोन्ही टोकांना घट्ट बसणारी प्लास्टिकची दट्टी स्वतः करून घेतली आणि प्रश्न सुटला. इतक्या महागड्या उपकरणासोबत ती उत्पादकानेच द्यायला हवी होती.

मागणी नोंदवण्यापूर्वी कॉइलचा गुणवत्ता-गुणांक (ऊर्जा किती कमी वाया जाते याचे माप) रिकाम्या स्थितीत आणि खारट नमुन्यासह, असा दोन्ही प्रकारे मोजून मागावा. आमच्या कागदपत्रांत फक्त रिकाम्या कॉइलचा आकडा होता, आणि त्यावरून खऱ्या नमुन्यावर प्रोब कसा वागेल याचा काहीच अंदाज बांधता येत नव्हता.