शाळेची ने-आण: व्हॅन, स्कूटर की पायी? फक्त धुराच्या हिशेबाने

पहिली ते चौथीतलं मूल, शाळा दोन-अडीच किलोमीटरवर आणि मध्ये कर्वे रस्ता किंवा सिंहगड रस्त्यासारखा गर्दीचा रस्ता. पुण्यातल्या अशा घरांसाठी ही तुलना आहे. पैसे, वेळ आणि अपघाताची भीती यांचा विचार प्रत्येक घर करतंच, म्हणून इथे तो नाही.

‘सफर’ या हवेचं प्रदूषण सांगणाऱ्या सरकारी सेवेवर दिसणारा पीएम २.५चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा शहराच्या हवेचा असतो. मुलाच्या नाकाशी येणारा ताजा धूर वेगळा: काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ०.१ मायक्रॉनहून बारीक कण. तो सायलेन्सरपाशी सर्वात दाट असतो आणि मोठ्या रस्त्यापासून दीड-दोनशे मीटर आत गेलं की बराच ओसरतो. वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. म्हणून माझ्या मते वाहनाआधी रस्ता ठरवावा.

हिशेब तीन गोष्टींच्या गुणाकाराचा: धुराची पातळी, मिनिटं आणि श्वासाचा वेग. समजा, आतल्या गल्लीत पातळी १, मोठ्या रस्त्यावर ३ आणि चालताना श्वास दुप्पट. मोठ्या रस्त्याने स्कूटरवर १० मिनिटं म्हणजे ३०. गल्ल्यांमधून १४ मिनिटं लागली तरी १४च. गल्लीतूनच ४० मिनिटं पायी गेलं तर ८०. व्हॅन सगळ्यांना गोळा करत ४० मिनिटं फिरली आणि सरासरी पातळी २ धरली, तर तेही ८०. हे आकडे मानलेले आहेत, तुमच्या भागात ते बदलतील. क्रम मात्र सहसा उलटत नाही.

पायी जाण्याबद्दल मला आदर आहे, आणि शाळा किलोमीटरच्या आत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. अडीच किलोमीटरला मात्र, तेही कर्वे रस्त्याच्या फुटपाथवरून, तिन्हींत ते सर्वात महाग पडतं.

व्हॅन माझ्या मनातून उतरली ती शाळेच्या फाटकापाशी. शाळा सुटायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं व्हॅन एकामागे एक लागतात आणि निम्म्यांची इंजिनं चालूच असतात. पुढच्या व्हॅनचा सायलेन्सर मागच्या व्हॅनच्या बोनेटसमोर येतो. बाहेरची हवा आत घेणारी जाळी विंडशील्डच्या खालीच असते, त्यामुळे तोच धूर थेट आत जातो. मुलं आत येऊन बसतात, दार उघडंच राहतं, कारण अजून दोघं यायची असतात. एसीची हवा आतल्या आत फिरवली तर कण कमी होतात, पण आठ-दहा मुलांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, मुलं पेंगतात आणि काका काच खाली करतात. यात काकांचा दोष काढायला मन धजत नाही. जागाच तशी आहे. पण पालक म्हणून यातलं काही आपल्या हातात राहत नाही. व्हॅनच घ्यायची असेल तर दोन गोष्टी मागून घ्या: सकाळी आपलं मूल शेवटी घ्यायचं, आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं.

स्कूटरचा वैरी सिग्नल. हिरवा लागताच बस किंवा टेम्पो जोर लावून निघतो आणि धुराचा लोट तेव्हाच सर्वात मोठा असतो. मूल फूटबोर्डवर उभं असेल तर तो त्याच्या तोंडावर येतो. म्हणून मागे बसवावं, हेल्मेटसह. हेल्मेटची काच झोत अडवते, हवा गाळत नाही. बसच्या मागे दोन गाड्यांचं अंतर ठेवावं. दुचाकींचा सायलेन्सर बहुतेक उजव्या बाजूला असतो, तेव्हा पुढच्या दुचाकीच्या डाव्या अंगाला थांबावं. त्याहून बरं म्हणजे सिग्नलच टाळावा: कोथरूडात मयूर कॉलनीसारख्या आतल्या रस्त्यांनी तीन-चार मिनिटं जास्त लागतात, ती द्यावीत.

मास्क मोठ्या माणसाचा नको. मुलाला श्वास जोरात सोडायला सांगा. नाकाच्या कडेला हवा लागली तर तो गळतोय. नीट बसणारा एन-९५ कण अडवतो, नायट्रोजन डायऑक्साइड नाही. हातातल्या पीएम मीटरवरही फार विसंबू नये. दमट हवेत तो जास्त दाखवतो आणि ०.३ मायक्रॉनखालचे कण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे फाटक आणि गल्ली यांतला जो खरा फरक, तोच त्यातून निसटतो. मी तरी डिझेलच्या वासावर आणि डोळ्यांच्या चुरचुरीवर जास्त भरवसा ठेवतो.

वेळेचंही पाहावं. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. झोपेसाठी ते उत्तम. पण डिसेंबर-जानेवारीत त्या सुमारास जमिनीलगतची थंड हवा अजून पुरती मोकळी झालेली नसते आणि ऑफिसची गर्दीही तेव्हाच. त्या दोन महिन्यांत पंधरा मिनिटं लवकर निघा, स्कूटर फाटकापासून शे-दोनशे मीटर अलीकडे, आतल्या गल्लीत लावा आणि उरलेलं अंतर व्हॅनच्या रांगेच्या पलीकडच्या फुटपाथने चाला.